दरवर्षी शून्यावर येणारं चलन: अल्टिमेट टीमच्या कॉइन्सचा हिशेब

चलन म्हटलं की आपल्याला पौंड, दिरहम, डॉलर आठवतात आणि घरी पैसे पाठवायच्या आधी दोन-तीन दिवस बघत बसलेला रुपयाचा दर आठवतो. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रोज उठून ज्याचे भाव बघितले असं आयुष्यातलं पहिलं चलन बहुधा यातलं नसेल. ते अल्टिमेट टीमचे कॉइन्स असतील.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिफा या फुटबॉल गेममध्ये २००९ साली हा मोड आला. २०२३ पासून गेमचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी झालं, मोड तोच राहिला. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक कार्ड. मॅच खेळलात की कॉइन्स मिळतात, त्यातून बाजारात दुसऱ्या खेळणाऱ्यांकडून कार्डं घ्यायची, आपली विकायची. कंपनीकडून बंद पाकिटंही घेता येतात, म्हणजे पॅक. ती कॉइन्स देऊन मिळतात किंवा पॉइंट्स देऊन, आणि पॉइंट्स खऱ्या पैशांनीच घ्यावे लागतात. पॉइंट्सवरून कॉइन्सकडे थेट रस्ता नाही. आधी पॅक फोडायचा, त्यातून काही बरं निघालं तर ते विकायचं.

आता यातली गंमत बघा. सप्टेंबरच्या शेवटी नवा गेम येतो तेव्हा सगळे शून्यापासून सुरुवात करतात. त्यानंतर लाखो लोक रोज मॅच खेळतात आणि प्रत्येक मॅचमागे बाजारात नवे कॉइन्स येतात. अर्थशास्त्राचं पहिलं पुस्तक वाचलेला कोणीही म्हणेल की पैसा वाढला, आता महागाई होणार. पण ऑक्टोबरमध्ये घेतलेलं कार्ड मेमध्ये विकायला काढलंत तर बहुतेक वेळा त्याचे मूळ किमतीच्या मानाने चिल्लर कॉइन्स येतात. पैसा वाढतोय आणि माल स्वस्त होतोय, हे कसं?

कारण माल जुना होतोय. ब्लॅक फ्रायडे, जानेवारीत टीम ऑफ द इयर, सीझन संपत आला की टीम ऑफ द सीझन, अशा प्रत्येक टप्प्यावर कंपनी आधीपेक्षा सरस कार्डं आणते. तुमच्या स्ट्रायकरचा वेग जितका होता तितकाच आहे, पण समोरचे सगळे डिफेंडर त्याच्याहून वेगवान झालेत. मग त्याचा भाव तीन वर्षं जुन्या फोनसारखा उतरतो. महागाई गायब झालेली नसते. ती दिसते त्या-त्या महिन्यातल्या अगदी वरच्या कार्डांत आणि कॉइन्सच्या डॉलरमधल्या भावात. हा दुसरा भाव अधिकृतपणे अस्तित्वातच नाही, कारण कॉइन्स खऱ्या पैशांत विकायला कंपनीची बंदी आहे. पण काळ्या बाजारात तो असतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत वर असलेला हा भाव उन्हाळ्यापर्यंत जवळपास जमिनीला टेकतो.

आठवड्याच्या आतही चढउतार असतात. वीकेंडच्या स्पर्धेची बक्षिसं बराच काळ गुरुवारी मिळायची. त्या दिवशी सगळे एकाच वेळी पॅक फोडणार, निघालेली कार्डं बाजारात ओतणार, आणि भाव पडणार. लासलगावला आवक वाढली की कांद्याचं जे होतं तेच. शुक्रवारी पुढच्या स्पर्धेसाठी टीम बांधायची घाई झाली की भाव परत चढणार. फिफा १७ मध्ये एसबीसी आल्या. त्यात ठरावीक रेटिंगची कार्डं कायमची देऊन टाकायची आणि बदल्यात दुसरं काहीतरी मिळवायचं. तेव्हापासून एरवी कोणी ढुंकून बघणार नाही अशा कार्डांनाही अचानक तेजी येऊ लागली.

मग रोज 'स्वस्तात घे, महाग विक' करून माणूस श्रीमंत का होत नाही? काही होतात. पण मध्ये ५ टक्के कर उभा आहे. १०,००० ला घेतलेलं कार्ड १०,५०० ला विकलंत तर हातात ९,९७५ पडतात, म्हणजे २५ चा तोटा. बाजाराच्या नजरेतून बघा: १ लाख कॉइन्स १४ व्यवहारांतून फिरले की त्यातले सुमारे ४९ हजारच उरतात, बाकीचे नाहीसे होतात. सरकार कर गोळा करून तो कुठेतरी खर्च करतं. इथे कर म्हणजे पैसा जाळायची भट्टी आहे, आणि ती नसती तर डिसेंबरपर्यंतच कॉइन्सचा कचरा झाला असता. माझ्या मते या सगळ्या रचनेतला हा सगळ्यात हुशार भाग आहे.

खोट्या नोटांचा प्रश्न इथेही आला. एका टोळीने कंपनीच्या सर्व्हरला मॅच खेळून झाल्याचे खोटे निरोप पाठवून कॉइन्स तयार केले आणि विकून दीड कोटी डॉलरहून जास्त कमावले. एफबीआयने तपास केला आणि २०१६ साली टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या न्यायालयात त्यातल्या एकाला ज्यूरीने दोषी ठरवलं. साध्या काळ्या बाजाराची रीत वेगळी होती. गिऱ्हाईक एखादं फालतू कार्ड १ लाखाला लावणार, विकणारा ते घेणार, झाले कॉइन्स पोचते. हे थांबवायला मार्च २०१५ मध्ये कंपनीने प्रत्येक कार्डाला किमान आणि कमाल किंमत ठरवून दिली. मग कमाल किंमत खऱ्या मागणीच्या खाली राहिलेली कार्डं बाजारातून गायबच झाली. रेशनच्या दुकानापुढे रांग लावलेल्या आपल्या आजी-आजोबांना याचं काही आश्चर्य वाटलं नसतं.

अशा चलनांकडे अर्थतज्ज्ञ गंभीरपणे बघू लागले ते एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांच्या एव्हरक्वेस्ट या गेमवरच्या २००१ च्या लेखापासून. तिथल्या नाण्याची किंमत त्यांनी अमेरिकन सेंटच्या किंचित वर काढली, म्हणजे तेव्हाच्या जपानी येनपेक्षा जास्त. पण ते जग पुढच्या वर्षीही चालू राहणार होतं. अल्टिमेट टीममध्ये ती शाश्वती नाही. नव्या गेममध्ये जुने कॉइन्स नेता येत नाहीत आणि हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. नोटबंदी ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अचानक जाहीर झाली. इथे ती दर सप्टेंबरला ठरलेली असते. म्हणून इथे साठवणारा हरतो. कॉइन आज वापरला तरच त्याला किंमत.

आणि टांकसाळ, करखातं, दुकान सगळं एकाच मालकाचं. पुढच्या शुक्रवारी कुठलं कार्ड येणार हे ज्याला ठाऊक आहे, पॉइंट्सही तोच विकतो. पॉइंट्सची डॉलरमधली किंमत मेमध्ये आपोआप उतरत नाही, पॅकमधून निघणाऱ्या नेहमीच्या कार्डांचे भाव मात्र उतरलेले असतात. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये अशा पैसे देऊन घ्यायच्या पाकिटांना जुगार ठरवलं आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस तिथली पॉइंट्सची विक्री बंद झाली. नेदरलँड्समध्ये कंपनीला १ कोटी युरोचा दंड झाला होता, तो २०२२ मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयाने रद्द केला. दोन शेजारी देश, तेच पाकीट. बेल्जियममधली मुलं अजूनही हा मोड खेळतात, फक्त तिथे सगळ्यांना मॅच खेळूनच कॉइन्स मिळवावे लागतात.