फ्लोरेन्सच्या गल्ल्यांतून : पैसा कोणाचा, घाम कोणाचा, नाव कोणाचं?

आज आम्ही तुम्हाला लांबच्या गावाला नेणार आहोत. तिकीट नको, पासपोर्ट नको. चुलीवर काही ठेवलं असेल तर आच मंद करा आणि ऐका. आपण निघालो आहोत इटली देशातल्या फ्लोरेन्स शहरात.

हे शहर अर्नो नावाच्या नदीकाठी वसलेलं आहे. पाच-सहाशे वर्षांपूर्वी लोकर, रेशीम आणि सावकारी यांवर ते खूप श्रीमंत झालं. त्या काळच्या इमारती, पूल आणि चित्रं अजून उभी आहेत, म्हणून १९८२ मध्ये युनेस्कोने शहराचा जुना भाग जागतिक वारशात घेतला. जगभरातून माणसं ते बघायला येतात आणि बरेच जण गाईड घेतात. त्यात दोन प्रकार असतात. एकात तीस-चाळीस माणसं, पुढे हातात झेंडी धरलेला गाईड आणि मागे सगळ्यांची पळापळ. दुसरा प्रकार खासगी फेरीचा. त्यात फक्त तुमचं घर किंवा तुमचा गट आणि एक गाईड. दोन-तीन तास पायी फिरायचं. कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवायचं आणि मनात येईल ते विचारायचं. इटलीत गाईडचं काम करायला परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे हे शिकून करायचं काम आहे.

खासगी फेरीचा खरा फायदा असा की प्रश्न आपले असतात. आपण बचत गटाच्या बायका, हिशेब विचारायची आपल्याला सवय. तेव्हा प्रत्येक ठिकाणी आपण तीनच प्रश्न विचारू. इथे पैसा कोणाचा लागला? घाम कोणाचा गाळला? आणि नाव कोणाचं लागलं? चला तर मग.

पहिला थांबा एका चौकात आहे. समोर कमानींची लांब ओसरी दिसते. कमानींच्या मधे निळ्या गोल चकत्या आहेत आणि प्रत्येक चकतीत कापडात गुंडाळलेलं तान्हं बाळ. ही चिनीमातीसारखी झिलई दिलेली बाळं आंद्रेआ देल्ला रोबिया या कलावंताने १४८७ मध्ये घडवली. ही इमारत म्हणजे टाकून दिलेल्या बाळांचा आश्रम. नाव ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पाप जीव. फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने १४१९ मध्ये बांधकाम सुरू केलं. पैसा रेशीमवाल्यांच्या संघाचा होता. १४४५ मध्ये आश्रम उघडला आणि ५ फेब्रुवारीला पहिलं बाळ आलं. ती मुलगी होती. तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा.

पहिलं बाळ मुलगीच असावं, हे ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. सुरुवातीच्या काळात इथे मुलांपेक्षा मुलीच जास्त सोडल्या जात. गरिबी होतीच, त्यात मुलीचं लग्न म्हणजे हुंडा. काही बाळं लग्नाआधी झालेली असत, काही घरकाम करणाऱ्या दासींची. पुढच्या काळात आया बाळासोबत खूण ठेवत. अर्धं तोडलेलं पदक, नाण्याचा तुकडा, एखादा मणी. दुसरा अर्धा भाग आईजवळ. कधी दिवस पालटले तर खूण जुळवून लेकरू परत नेता येईल, ही आशा. आज तिथल्या संग्रहालयात या खुणा लहान लहान खणांत ठेवल्या आहेत आणि प्रत्येक खणावर बाळाचं नाव आहे. त्या अजून तिथेच आहेत, यावरून काय ते समजा.

आता दुसरा प्रश्न, घाम कोणाचा? तान्ह्या बाळांना पाजायला दूध हवं. आश्रम ही बाळं आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायकांकडे पगारावर पाठवत असे. शेतकऱ्याघरच्या बायका, आपल्यासारख्याच. स्वतःचं लेकरू सांभाळून दुसऱ्याचं पाजायचं. त्या काळी फ्लोरेन्समध्ये दाईच्या कामाचा व्यवहार बहुधा तिच्या नवऱ्याशी ठरत असे. दूध तिचं आणि सौदा त्याचा. कितीतरी बाळं जगली नाहीत. जी जगली त्यांतली मुलं धंदा शिकायला गेली आणि मुली विणकाम, शिवणकाम करू लागल्या. बाळ गुपचूप ठेवायची खिडकी १८७५ मध्ये बंद झाली. मुलांचं काम मात्र या वास्तूत अजून चालू आहे.

इथून एक सरळ रस्ता मोठ्या चर्चकडे जातो. मान वर केली की लाल कौलांचा प्रचंड घुमट दिसतो. चर्चचं काम १२९६ मध्ये सुरू झालं, पण एवढं मोठं भोक झाकायचं कसं हे शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाला सुचत नव्हतं. १४२० मध्ये त्याच ब्रुनेलेस्कीने काम हाती घेतलं आणि १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. जमिनीपासून लाकडी आधार उभा न करता. सुमारे ४० लाख विटा वर चढवल्या. त्या कोणी चढवल्या, विचारा. बैलांनी!

ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. मोटेचे बैल पुढे जाऊन पाणी काढतात, मग त्यांना मागे सरकावं लागतं. ब्रुनेलेस्कीने दात्यांच्या चाकांचं असं यंत्र बनवलं की बैल गोल फिरत एकाच दिशेने चालायचे. वरचं ओझं खाली आणायचं असेल तेव्हा फक्त चाक बदलायचं. बैल सोडा, फिरवा, पुन्हा जुंपा, ही कटकट गेली. घुमटाला ब्रुनेलेस्कीचं नाव मिळालं आणि ते योग्यच आहे. पण खर्चावर आणि कामावर देखरेख होती लोकरवाल्यांच्या संघाची, म्हणून लोकरीकडेही बघायला हवं.

कच्ची लोकर इंग्लंड-स्पेनहून येई. धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, रंगवणं अशी तिची पुष्कळ कामं. कातायचं काम बायकांचं, शहरात घरोघरी आणि खेड्यांतही. व्यापारी लोकर देणार, बाई सूत कातून परत देणार आणि वजनावर मजुरी घेणार. पण संघात जागा फक्त मालकांना. पिंजाऱ्यांना नाही, कातणारणींना तर नाहीच. १३७८ च्या उन्हाळ्यात लोकर कामगारांनी उठाव केला. त्यांची मुख्य मागणी काय होती? आम्हालाही आमचा संघ करू द्या! तो मिळाला आणि काही आठवड्यांत मोडूनही टाकला गेला. मैत्रिणींनो, दहा जणींनी एकत्र बसून गटाची नोंद करणं आपल्याला आज साधं वाटतं. या गल्ल्यांत त्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती.

चर्चपासून दहा मिनिटांवर शहराचा जुना राजवाडा, म्हणजे नगराचा कारभार चालायचा ती जागा. उंच मनोरा, किल्ल्यासारख्या भिंती. इथे आपण पैशाचा प्रश्न नीट विचारू, कारण ही गोष्ट थेट आपल्या बैठकीतली आहे.

१४२५ मध्ये शहरावर लढाईचं कर्ज झालं होतं. पैसा उभा करायला सरकारने एक ठेव योजना काढली, मुलींच्या हुंड्यासाठी. बापाने मुलगी लहान असताना रक्कम ठेवायची. मुदत साडेसात किंवा पंधरा वर्षं. १०० फ्लोरिन पंधरा वर्षं ठेवले की ५०० मिळणार. फ्लोरिन म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं. ऐकायला किती छान! पण अटी ऐका. आधीच्या नियमाप्रमाणे मुलगी मध्येच वारली तर ठेव सरकारजमा. त्यामुळे फारसं कोणी पैसे ठेवेना. १४३३ मध्ये नियम बदलला आणि अशा वेळी मुद्दल परत मिळू लागलं. मग मात्र योजना जोरात चालली.

ठेव मुलीच्या नावावर. मुदत भरल्यावर पैसे कोणाला? लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्याला. नवरा वारला तर विधवेला हुंडा परत मागायचा हक्क होता, एवढं खरं. पण नवरा असेपर्यंत त्या पैशाचा कारभार त्याचाच. म्हणजे पुस्तकावर नाव एकीचं आणि पैसा दुसऱ्याच्या हातात. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. तरीही पासबुकावर नाव आपलं आणि बँकेत सही करून पैसे आणल्यावर ते जातात कुठे, हा प्रश्न सहाशे वर्षांनी जुना झाला आहे का? पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.

जुन्या राजवाड्याच्या मागे सान रेमिजो नावाची अरुंद गल्ली आहे. तिथे भिंतीवर पुराच्या दोन खुणा आहेत. एक १३३३ ची, दुसरी १९६६ ची. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरलाच आले. १९६६ ची खूण तर माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे. त्या पुरात घरं आणि दुकानं बुडालीच, शिवाय जुनी पुस्तकं आणि चित्रं चिखलात गेली. देशोदेशीचे तरुण मुलगे-मुली येऊन हातांनी चिखल उपसत होते. लोकांनी त्यांना नाव दिलं ‘चिखलातले देवदूत’. १३३३ च्या पुरात जो पूल वाहून गेला, त्या जागी १३४५ मध्ये बांधलेला पूल म्हणजे आजचा ‘पोंते वेक्क्यो’, जुना पूल. त्यावर दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत. आधी तिथे खाटीक होते, १५९३ मध्ये त्यांना उठवून सोनारांना बसवलं. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहराचे बाकीचे पूल उडवले, हा एकच राहिला.

आता सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या संग्रहालयात जाऊ. इथे सुमारे सात मीटर लांबीचं एक चित्र आहे. येशू शिष्यांसोबत शेवटचं जेवण जेवतो आहे. हा विषय मोठमोठ्या चित्रकारांनी रंगवला, पण हे चित्र एका बाईचं आहे. तिचं नाव प्लाउतिल्ला नेल्ली, जन्म १५२४. चौदाव्या वर्षी ती मठात जोगीण झाली. त्या काळी बऱ्याच घरांतून मुली मठात जात, कारण मठाला द्यायची रक्कम लग्नाच्या हुंड्यापेक्षा कमी असे. ती मठातच चित्रं काढायला शिकली आणि इतर जोगिणींना हाताशी धरून कामं करू लागली. त्या चित्रांच्या विक्रीतून मठाला उत्पन्न मिळे. या चित्रातलं ताट बघा. कोकराचं मांस, पाव, शेंगांतले दाणे, पाल्याची कोशिंबीर. बाईने मांडलेली पंगत आहे ती! आणि चित्रावर तिने आपलं नाव घालून लिहिलं, या चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा. पुढे हे चित्र कित्येक वर्षं लोकांच्या नजरेआड होतं. ते दुरुस्त होऊन २०१९ मध्ये सगळ्यांसाठी मांडलं गेलं. नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून सापडलं.

शेवटचा थांबा जरा लांब आहे, पण तिथे आपल्याला जायलाच हवं. नदीकाठाने पश्चिमेला गेलं की ‘काशीने’ नावाची मोठी बाग लागते. बागेच्या टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते, तिथे छत्रीखाली एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. डोक्याला फेटा, गळ्यात दागिने. हे आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय जेमतेम विशीचं. परमुलुखात, जिथे मृतदेह पुरायची रीत, तिथे दहनासाठी खास परवानगी मिळाली आणि नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये हे स्मारक झालं. पुढे जवळच मोठा पूल बांधला, त्यालाही त्यांच्यावरून नाव पडलं. काय नाव? ‘पोंते आल्ल इंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. तो भारतीय कोण, कुठला, हे मात्र कोणीतरी थांबून सांगावं लागतं.

गाईडचं काम हेच. दगड बोलत नाही, त्याच्याजवळ उभं राहून सांगणारं माणूस लागतं. असं सांगता येण्याजोगं आपल्या गावातही आहे. वेस, बारव, पाझर तलाव, शाळेची इमारत. एका रविवारी गटातल्या दहा जणी मिळून निघा. सोबत गावातली एखादी म्हातारी आजी घ्या, ती तुमची गाईड. प्रत्येक ठिकाणी थांबून तेच तीन प्रश्न विचारा. पैसा कोणाचा, घाम कोणाचा, नाव कोणाचं? आजी जी नावं सांगेल ती गटाच्या वहीत लिहून ठेवा. पाटीवर नसलेली नावं तर आधी लिहा.

आमच्याकडे वही घेऊन आलात, तर ती नावं आम्ही रेडिओवर वाचून दाखवू. येता ना? नमस्कार.