नारपोलीच्या खडखडाटात कानांची निगा

नारपोलीत शांतता मोजून मिळते. यंत्रमागांच्या कारखान्यांतून धोट्याचा खडखडाट दिवसभर चालू असतो, गोदामांकडे जाणारे ट्रक आणि कंटेनर रस्त्यावर हॉर्न देत उभे असतात, आणि रात्रपाळी सुरू असली की अंथरुणावर पडल्यावरही भिंतीपलीकडचा ठेका कानांत घुमत राहतो. भिवंडी हे देशातील यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. येथील कित्येक घरांचा प्रपंच याच आवाजावर उभा राहिला, त्यामुळे त्याविषयी तक्रार करण्याची फारशी रीत नाही. अशा घरात एखादा तरुण ‘प्लॅनर मॅग्नेटिक’ इअरफोनसाठी पंधरा हजार रुपये मागतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडणे स्वाभाविक आहे. तथापि किमतीआधी विचारावयाचा एक प्रश्न आहे : हा इअरफोन बाहेरचा आवाज किती अडवतो?

प्रश्नाचे मूळ कानाच्या हिशेबात आहे. यंत्रमागांच्या शेडमधील आवाज सामान्यतः ९० ते १०० डेसिबलच्या घरात असतो. भारतात कारखान्यातील आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवून दिले आहेत. कारखाना आणि घर यांमध्ये एकच भिंत असते तेथे या दोन आकड्यांतील अंतर कागदावरच राहते, हे वेगळे सांगावयास नको.

जागतिक आरोग्य संघटनेने इअरफोनवरील श्रवणासाठी प्रौढांना ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास, असा हिशेब दिला आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९५ डेसिबलला संपूर्ण आठवड्यात अवघा सव्वा तास. चक्रवाढ व्याजाशी परिचित असलेल्या वाचकांना ही उतरण चटकन कळेल. येथे मुद्दल कानाचे आहे आणि एकदा गेले की परत येत नाही. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी नष्ट झाल्यावर माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मागावर आठ तास घालवून आलेल्या माणसाच्या खात्यातून तर इअरफोन कानात घालण्यापूर्वीच बरेचसे खर्ची पडलेले असते.

आता त्या नव्या वस्तूकडे वळू. नेहमीच्या इअरफोनमध्ये शंकूच्या आकाराचा छोटा पडदा असतो आणि त्याच्या मागे तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. वेटोळे हलते, ते पडद्याला ढकलते. प्लॅनर मॅग्नेटिकमध्ये वेटोळे नाही. अत्यंत पातळ, सपाट पडद्यावरच वीजवाहक पट्ट्या नक्षीसारख्या उमटवलेल्या असतात आणि पडद्याजवळ चुंबकांच्या रांगा बसवलेल्या असतात. वीज वाहू लागली की जवळजवळ सगळा पडदा एकसमान हलतो. एका टोकाने ओढलेली चादर आणि चौघांनी चारही कोपरे धरून उचललेली चादर यांत जो फरक, तसाच काहीसा हा. पडदा हलका असल्याने आघात लवकर उमटतो आणि लवकर विरतो. तबल्याची थाप, तानपुऱ्याच्या जवारीतून उठणारी स्वरांची झालर, सतारीच्या तरफांची कंपने हे सारे एकमेकांत न मिसळता सुटे सुटे ऐकू येते, असे रसिकांचे म्हणणे आहे, आणि चांगल्या जोडीच्या बाबतीत ते खरेही आहे.

ही कल्पना जुनी आहे. यामाहाने १९७६ साली या तत्त्वावरचा ‘एचपी-१’ हेडफोन बाजारात आणला. परंतु त्या काळची चुंबके बोजड. कानाच्या आत मावेल एवढी रचना शक्य नव्हती. १९८०च्या दशकात निओडिमियम चुंबके आली आणि थोड्या जागेत मोठी ताकद बसू लागली. तरीही कानात घालावयाचे प्लॅनर लोकांसमोर येण्यास २०१६–१७ साल उजाडले. ऑडीझी कंपनीचा ‘आयसाइन’ त्यातला गाजलेला नमुना. त्याची पाठ उघडी होती, म्हणजे बाहेरचे सगळे आत आणि आतले सगळे बाहेर. शांत दिवाणखान्यात तो उत्तम. नारपोलीच्या रस्त्यावर त्याचा उपयोग नाही. पुढे २०२१ मध्ये ‘सेव्हनहर्ट्झ टाइमलेस’ आणि त्यापाठोपाठ ‘लेटशुअर एस-१२’ आले. सुमारे १४ मिलिमीटरचा पडदा बंद कवचात बसवलेल्या या जोड्यांनी किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. आज साधारण पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत निवड करता येते.

बंद कवच असले म्हणजे काम झाले, असेही नाही. आवाज अडवण्याचे खरे काम करते ती टोकावरची टोपी. सिलिकॉनची किंवा फोमची ती छोटीशी टोपी कानाच्या वाटेत घट्ट बसली तर बाहेरचा आवाज साधारण १५ ते २५ डेसिबलने कमी होतो. मंद्र सप्तकाच्या बाजूचा कमी, वरच्या बाजूचा अधिक. ती सैल बसली तर खर्ज निघून जातो, गाणे पोकळ वाटते आणि ऐकणाऱ्याचा अंगठा आवाज वाढवू लागतो. कितीतरी महागडे इअरफोन चुकीच्या टोपीमुळे नावे ठेवून घेतात. बहुतेक डब्यांत तीन मापांच्या टोप्या येतात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही. प्लॅनरचे कवच मोठे असल्याने लहान कानांच्या व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना आणि किशोरांना, ते अर्ध्या तासात टोचू लागते. यासाठी दुकानात किमान वीस मिनिटे कानात ठेवून पाहावे. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

दुसरा मुद्दा ताकदीचा. प्लॅनरला स्वतंत्र ॲम्प्लिफायर हवाच, असे ठासून सांगितले जाते. गणित मात्र निराळे निघते. एखाद्या जोडीचा रोध १६ ओहम आणि संवेदनशीलता १ मिलिवॉटला १०२ डेसिबल आहे, असे धरू. सरासरी ८० डेसिबलवर ऐकताना संगीतातील उसळ्या १०० पर्यंत गेल्या, तरी त्यांना १ मिलिवॉटदेखील लागत नाही. जुनी, हळू आवाजातील ध्वनिमुद्रणे लक्षात घेऊन दसपट राखीव ठेवली तरी फोनच्या टाइप-सी छिद्राला लावावयाचा हजार-दोन हजारांचा साधा डॉंगल पुरतो. ज्याला एवढ्यातही आवाज अपुरा वाटतो, त्याने ॲम्प्लिफायरपूर्वी टोपी बदलून पाहावी. तेही करून भागले नाही, तर कान तपासून घ्यावेत.

तिसरी गोष्ट स्वराच्या तोलाची. काही प्लॅनर जोड्यांमध्ये तार सप्तकाच्या वरची बाजू धारदार असते. झांजा आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे टोचतात. परीक्षेसाठी दुकानातील चकचकीत नमुना-गीत न घेता, घरात शंभरदा ऐकलेले स्त्रीस्वरातील एखादे गायन घ्यावे. ज्यांना प्रामुख्याने प्रवचने, व्याख्याने किंवा बातम्या ऐकावयाच्या आहेत, त्यांनी मात्र या खर्चात पडूच नये. मानवी बोलण्यासाठी हजार रुपयांचा नीट बसणारा इअरफोन पुरेसा आहे.

रोज लोकलचा प्रवास करणाऱ्यांसाठी आणखी एक पर्याय आहे. गाडीची घरघर, पंख्याचा किंवा इंजिनाचा संथ आवाज विद्युतीय पद्धतीने पुसणारे वायरलेस इअरफोन त्या कामात सरस ठरतात. मागाच्या तुटक, आघाती खडखडाटापुढे त्यांची युक्ती तितकी चालत नाही; तेथे टोपीचाच आधार. आणि शेडमध्ये काम करताना कोणताही इअरफोन श्रवणरक्षक समजू नये. त्यासाठी प्रमाणित इअरप्लग किंवा इअरमफ मिळतात आणि पंधरा हजारांच्या तुलनेत त्यांची किंमत किरकोळ असते.

खरेदी करताना पक्के बिल घ्यावे, वॉरंटी भारतात मिळेल की वस्तू परदेशी पाठवावी लागेल हे विचारावे, आणि वायर सुटी होणारी असावी. या वस्तूत प्रथम तुटते ती वायरच.

घरी आणल्यावर एक चाचणी करावी. रात्री खोली सर्वांत शांत असेल तेव्हा ओळखीचे गाणे सुखद वाटेल इतपत लावून फोनवरील पट्टी कोठे आहे ते कागदावर टिपावे. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, माग चालू असताना, त्याच जागी तेच गाणे पुन्हा ऐकावे. पट्टी एक-दोन घरे वर सरकली तर निवड ठीक. पाच-सहा घरे सरकली, तर दुकानाची परतीची मुदत संपण्यापूर्वी डबा पुन्हा बांधावा.