माय तिथे एकच लेक

हा दिनक्रम आहे हेला पेशीतल्या सेंट्रिओलचा. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या पेशींचा हा वंश जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढतोच आहे. एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंत या पेशींना साधारण एक दिवस लागतो, म्हणून घड्याळ लावायला त्या बऱ्या. वेळा अर्थातच ढोबळ आहेत.

सकाळी 6. विभाजन नुकतंच आटोपलंय. नव्या पेशीच्या वाट्याला दोन सेंट्रिओल आलीत, एक जुनं आणि एक काल संध्याकाळी जन्मलेलं. प्रत्येक म्हणजे सूक्ष्मनलिकांच्या नऊ तिकड्यांचं एक नळकांडं. लांबी जेमतेम मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, रुंदी त्याच्या निम्मी. रात्रभर दोघं काटकोनात चिकटलेली होती, ती आता सुटलीत. प्रथिनांच्या धाग्यांचं एक सैल बंधन तेवढं उरलंय.

सकाळी 10. सांगण्यासारखं फार नाही. सेंट्रिओलभोवतीच्या प्रथिनांच्या वेढ्यातून सूक्ष्मनलिका फुटतात आणि पेशीतली मालवाहतूक त्यांच्यावरून चालते. मूत्रपिंडाच्या पेशीत हीच वेळ कामाची असती. तिथे जुनं सेंट्रिओल पेशीच्या कडेला जाऊन बसतं आणि त्यातून पक्ष्मिका, म्हणजे केसासारखा बारीक तंतू, उगवते. हेला पेशी सहसा त्या भानगडीत पडत नाहीत.

दुपारी 4. खरं काम आता सुरू होतं. केंद्रकात डीएनएची नक्कल निघायला लागते, त्याच सुमारास दोन्ही सेंट्रिओलांना लेक, म्हणजे नवं सेंट्रिओल, होण्याची तयारी चालते. (कालची लेकही आता माय झाली आहे.) पीएलके4 नावाचं प्रथिन आधी मायेच्या बुंध्याभोवती कडं करून बसतं. मग ते कडं आक्रसतं आणि एकाच ठिपक्यावर येतं. तो ठिपका म्हणजे लेकीची जागा. हे प्रथिन स्वतःवरच फॉस्फेटच्या खुणा करतं आणि त्या खुणांमुळेच पेशी त्याला मोडीत काढते. त्यामुळे ते कधी फार साठत नाही. प्रयोगात मुद्दाम जास्त बनवायला लावलं, की एका मायेभोवती पाकळ्यांसारख्या अनेक लेकी उगवतात. अजिबात नसेल, तर एकही नाही.

ठिपक्यावर सास-6 हे प्रथिन जमतं आणि बैलगाडीच्या चाकासारखी रचना उभी राहते. मधे तुंबा, बाहेर नऊ आरे. या प्रथिनाच्या जोड्या अशा कोनात जुळतात, की नऊ जोड्यांचं कडं बसावं. 2011 साली दोन गटांनी ही जुळणी अणूंच्या पातळीवर उलगडली. नऊच का, या जुन्या प्रश्नाचं मोठं उत्तर त्यात मिळालं. मग आऱ्यांच्या टोकाला सूक्ष्मनलिका बसतात.

रात्री 11. लेक लांबीला वाढते आहे. माय मात्र दुसरी लेक घेत नाही, कारण पहिली अजून तिला चिकटलेली आहे. चिकटलेली आहे तोवर मनाई. या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत थोर वाटतो तो हाच साधेपणा: हिशेब ठेवायला वेगळा कारकून नको.

पहाटे 5. माय-लेकींच्या दोन जोड्या झाल्या. त्यांना बांधणारे धागे सुटतात, मोटर प्रथिनं जोड्यांना दोन टोकांना ढकलतात, भोवतीचा वेढा फुगतो आणि त्यातून निघालेल्या सूक्ष्मनलिका गुणसूत्रांना पकडतात. जोड्या दोनच असतील, तर टोकंही दोनच. जास्त झाल्या तर काय होतं, हे थिओडोर बोव्हेरीने सी अर्चिनच्या अंड्यांत पाहिलं होतं. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, की चार ध्रुव होत आणि गुणसूत्रांची वाटणी बिघडे. अशा बिघडलेल्या वाटणीतून कर्करोग होत असावा, हे त्याने 1914 च्या पुस्तकात मांडलं.

पहाटे 5:40. सेपरेज हे विकर गुणसूत्रांच्या जोड्या सोडवतं. माय-लेक सुटायलाही तेच विकर लागतं, असं त्सौ आणि स्टर्न्स यांनी 2006 साली दाखवलं. हे सुटणं हाच पुढच्या लेकीचा परवाना. म्हणजे गुणसूत्रं वाटली गेल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय नवं सेंट्रिओल नाही.

सकाळी 6. दोन पेशी, प्रत्येकीत दोन सेंट्रिओल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. सेंट्रिओल नसेल तर विभाजनच होत नाही, असं अनेकांच्या मनात शाळेपासून बसलेलं असतं. ते खरं नाही. फुलझाडांच्या पेशींत सेंट्रिओल नसतात, माणसाच्या स्त्रीबीजाचं शेवटचं विभाजनही त्यांच्याविना होतं. 2006 साली सेंट्रिओल बनवता न येणाऱ्या फळमाश्या वाढवल्या, तर त्या प्रौढ झाल्या. पण लवकरच मेल्या, कारण त्यांच्या संवेदी चेतापेशींना पक्ष्मिका नव्हत्या. विभाजनात सेंट्रिओल मदत करतं, पक्ष्मिकेला मात्र त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांना विनंती, की आकृतीत ध्रुवावर नुसता ठिपका न काढता काटकोनातली माय-लेक काढून दाखवा, आणि पक्ष्मिकेची गोष्टही त्याच तासाला सांगा.