वैशाखातील पाळणा

चैत्र शुद्ध त्रयोदशीला भगवान महावीरांचा जन्म झाला. कल्पसूत्राने हा दिवस ग्रीष्माच्या पहिल्या महिन्यात गणला आहे. म्हणजे उन्हाळ्यात पाळणा हलणे हे पूर्वापार चालत आलेले आहे. पालटले आहे ते घर. जाड मातीच्या भिंती, माळवद आणि अंगणातील कडुनिंब जाऊन त्या जागी सिमेंटचा स्लॅब आणि पत्रे आले. जळगाव, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत त्या स्लॅबखाली नवजात बाळाला काय सोसावे लागते, याचा विचार बाळंतपणाच्या तयारीत क्वचितच होतो.

अनेक व्यापारी कुटुंबांत खाली दुकान, मागे गोदाम आणि वर राहते घर अशी रचना असते. लेक बाळंतपणासाठी माहेरी आली की तिला निवांतपणा मिळावा, गिऱ्हाइकांचा गलका कानी पडू नये म्हणून सर्वांत वरची खोली तिच्यासाठी लावून ठेवतात. हेतू मायेचाच असतो. मात्र दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. सूर्य मावळला तरी त्या खोलीतील उन्हाळा मावळत नाही.

खोलीची जागा किती महत्त्वाची असते, हे अहमदाबादने अनुभवले आहे. मे २०१० मध्ये त्या शहरात तापमान ४६.८ अंशांवर पोहोचले होते. तेथील शारदाबेन चिमनलाल लालभाई महापालिका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष तेव्हा वरच्या मजल्यावर होता. नंतर तो खालच्या मजल्यावर हलविण्यात आला. अभ्यासकांनी या रुग्णालयातील नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. तापमान ४२ अंशांपुढे गेल्यावर प्रत्येक वाढत्या अंशागणिक उष्णतेमुळे अतिदक्षता कक्षात दाखल होणाऱ्या नवजात बाळांची संख्या सुमारे ४३ टक्क्यांनी वाढत होती. कक्ष खाली आणल्यानंतर अशा बाळांचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते; केवळ जागा पालटली होती. जे रुग्णालयाला साधले, ते घरालाही साधण्यासारखे आहे.

नवजात बाळाचे शरीर वजनाच्या मानाने पसरट असते, म्हणून भोवतालची उष्णता ते लवकर शोषून घेते. घाम येऊन शरीर थंड होण्याची क्रिया अद्याप पुरती सुरू झालेली नसते. दुपटे दूर सारणे किंवा सावलीकडे सरकणे त्याच्या हाती नसते. ते रडते, आणि त्या रडण्याचा अर्थ लावणे मोठ्यांवर सोपविलेले असते.

नेमका येथेच जुना नियम आडवा येतो. बाळाला ऊब हवी, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे सांगणे खरे आहे. पौष-माघात त्या शिकवणीनेच कित्येक बाळे वाचली. परंतु वैशाखात तीच ऊब बाधते. खिडक्या बंद, दाराला पडदा, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बाळाच्या डोक्याला कुंची आणि अंगावर दोन दुपटी, अशा खोलीत धडधाकट माणसाचाही जीव कासावीस होतो. धूर तर कोणत्याही ऋतूत कोवळ्या फुप्फुसांना अपायकारकच. उन्हाळ्यात पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला घरात मऊ सुती झबल्याचा एक थर पुरेसा असतो. घरात डोके उघडे ठेवावे, कारण बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. मात्र कमी दिवसांचे अथवा कमी वजनाचे बाळ असल्यास कपड्यांविषयी डॉक्टरांनाच विचारावे. छताचा पंखा चालतो. कूलर किंवा एसी लावल्यास वाऱ्याचा झोत थेट पाळण्यावर येऊ नये. एसी २६ अंशांच्या आसपास ठेवावा. कूलर असेल तेव्हा समोरची खिडकी किंचित उघडी असावी, म्हणजे दमटपणा साचत नाही. तेल हलक्या हाताने, थोडेच लावून आंघोळीत काढून टाकावे. दाट तेल अंगावर राहिले की घामोळे वाढते. पावडर तर टाळावीच, तिचे कण श्वासात जातात.

दुसरा प्रश्न पाण्याचा. जैन घरांत पाणी उकळून पिण्याची शिस्त आहे आणि तिचा आरोग्याला लाभही आहे. त्यामुळेच ‘पाणी उकळलेले आहे, दोन चमचे दिले तर काय बिघडले?’ असा विचार सहज मनात येतो. बिघडते ते पाण्याच्या अशुद्धतेमुळे नव्हे. नवजात बाळाची मूत्रपिंडे पुरती तयार नसतात. जादा पाण्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण घटते आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. शिवाय इवलेसे पोट पाण्याने भरले की बाळ दूध कमी ओढते. मध आपल्या घरात वर्ज्यच असतो. पण गूळपाणी, ग्लुकोजचे पाणी, घुटी यांनाही पहिल्या सहा महिन्यांत स्थान नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. म्हणून कडक उन्हाळ्यातही पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऊन वाढले की दूध पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात, एवढाच त्यावरील उपाय. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, आणि बाळ मागेल तेव्हा.

हे दूध ज्या शरीरात तयार होते, त्याची तहान मात्र घर विसरते. डिंकाचे, सुंठीचे लाडू आग्रहाने खाऊ घातले जातात, आणि ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी तेवढे मोजून दिले जाते. काही सुना चौविहाराचा नियम बाळंतपणानंतर लगेच पुन्हा सुरू करतात. सूर्यास्तानंतर पाणी नाही, आणि बाळ तर रात्रीतून तीन-चार वेळा दूध मागते. ही निष्ठा आदरणीय आहे. परंतु पच्चक्खाणात तिविहाराचीही सोय आहे आणि त्यात पाणी मोकळे राहते. बाळ अंगावर पीत असेपर्यंत, निदान उन्हाळ्यात, कोणता नियम घ्यावा हे गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना विचारून ठरवावे. तो प्रश्न सुनेने भीत भीत विचारण्यापेक्षा सासूबाईंनी आपण होऊन विचारला, तर तिच्या मनावरचा भार निम्मा होईल.

उन्हाविषयीही एक गैरसमज आहे. बाळाचे अंग पिवळट दिसले की त्याला उन्हात धरण्याची रीत घरोघरी आढळते. काविळीवर रुग्णालयात निळा प्रकाश देतात. तो मोजून, देखरेखीखाली दिलेला असतो. उघडे ऊन म्हणजे तो उपचार नव्हे. त्याने कातडी भाजू शकते आणि उपचाराला उशीर होतो. पिवळेपणा डॉक्टरांनाच दाखवावा. कल्पसूत्रात जन्मानंतर तिसऱ्या दिवशी चंद्र-सूर्याचे दर्शन घडविल्याचे वर्णन आहे, आणि काही घरांत सूर्यपूजनाची प्रथाही आहे. हा विधी उगवत्या कोवळ्या उन्हात दोन मिनिटांत आटोपता येतो. पाहुणे जमेपर्यंत अकरा वाजविण्याचे कारण नाही. साधु-साध्वींच्या दर्शनाला किंवा लग्नघरी बाळाला न्यायचे झाल्यास सकाळी लवकर वा सायंकाळी न्यावे. वाटेत त्याच्या तोंडावर ओढणी टाकू नये, आतली हवा कोंडून तापते. उभ्या गाडीत क्षणभरही बाळाला ठेवू नये.

धोक्याची खूण वेळीच ओळखता यावी. हातपाय गार लागले तरी फसू नये. बाळाच्या छातीला आणि मानेमागे हात लावून पाहावा. काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असणे स्वाभाविक आहे. त्याहून किंचित वाढल्यास कपडे सैल करावेत, गार जागी न्यावे, अंगावर पाजावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. बर्फ किंवा थंडगार पाणी लावू नये, मनाने औषध देऊ नये. तापमान ३८ अंशांवर गेले, बाळ दूध ओढेना, मलूल पडले, टाळू खोल गेली, किंवा पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

या मोसमात ज्या घरी पाळणा बांधला जाणार आहे, तेथील कर्त्या माणसाने बाळ घरी येण्याआधी एकदा दुपारी तीन वाजता त्या खोलीत दार लोटून अर्धा तास बसावे. घामाने सदरा अंगाला चिकटला, तर पाळणा खाली आणावा. दुकानामागची गोदामाची खोली बहुधा घरात सर्वांत गार असते. धान्याच्या वा मिरचीच्या पोत्यांची धूळ तेथून पुरती काढून, ती स्वच्छ धुऊन, वाळवून, वाऱ्याला वाट करून द्यावी. चार पोती महिनाभर दुसरीकडे राहतील.