सीसीटीव्हीच्या फुटेजमध्ये माणसं धावताना का दिसतात? वेग बिघडण्याची कारणं आणि उपाय

सोसायटीच्या पार्किंगमधून रात्री दुचाकी चोरीला जाते. सकाळी सेक्रेटरी रेकॉर्डरमधली क्लिप पेनड्राइव्हवर घेतात आणि लॅपटॉपवर लावतात. चोर जुन्या मूकपटातल्यासारखा तुरुतुरु पळताना दिसतो. मिनिटभराचा प्रकार अर्ध्या मिनिटात संपतो. 'फुटेज खराब झालंय' म्हणून क्लिप बाजूला पडते.

अशा वेळी फुटेज अनेकदा शाबूत असतं. चुकतो तो ते दाखवणारा प्लेअर.

नेमकं घडतं काय?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, अर्थात फ्रेम्स. भारतातल्या टीव्ही प्रसारणाच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम्स असतात. सीसीटीव्ही कॅमेरे मात्र हार्ड डिस्कवरची जागा वाचावी म्हणून अनेकदा १५ किंवा १२ फ्रेम्सवर ठेवले जातात.

कोणती फ्रेम कधी दाखवायची, याची नोंद फाइलमध्ये असेल तर प्लेअर ती पाळतो. एमपी४ आणि एमकेव्ही फाइलमध्ये अशी नोंद ठेवता येते. काही रेकॉर्डर मात्र कॅमेऱ्याकडून आलेला कच्चा एच.२६४ व्हिडिओ जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवतात. त्यात वेळेची नोंद नसेल तर प्लेअर स्वतःच अंदाज बांधतो, बरेचदा २५ फ्रेम्सचा.

आता गणित पाहा. १५ फ्रेम्सवर ठेवलेला कॅमेरा एका मिनिटात ९०० फ्रेम्स टिपतो. २५ च्या वेगाने दाखवल्या तर त्या ३६ सेकंदांतच संपतात.

दिवसा ठीक, रात्रीच वेग का वाढतो?

अंधारातही चित्र स्पष्ट यावं म्हणून काही कॅमेरे शटर जास्त वेळ उघडं ठेवतात. एका फ्रेमला १/६ सेकंद लागला, तर सेकंदाला ६ पेक्षा जास्त वेगळ्या फ्रेम्स मिळूच शकत नाहीत. एव्हीआय फाइलमध्ये मात्र फ्रेम्सचा एकच ठरलेला वेग लिहिलेला असतो. त्यामुळे फ्रेम्स कमी झाल्या की रात्रीचं दृश्य पळू लागतं.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

चित्राच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं घड्याळ दिसत असतं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि दोन्हींची तुलना करा.

- कोपऱ्यातलं घड्याळ एकसारखं, पण वेगात पळतंय: फ्रेम्स जागेवर आहेत, प्लेअरचा अंदाज चुकलाय.
- घड्याळ रेंगाळतंय, चित्र अडकतंय: फोरके किंवा एच.२६५ व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरला झेपत नसावा. तीच क्लिप दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा.
- घड्याळ ०७ सेकंदांवरून थेट ११ वर उडी मारतंय: मधल्या फ्रेम्स नोंदल्याच गेलेल्या नाहीत. कमजोर वायफाय, सैल केबल, बिघडत चाललेली हार्ड डिस्क किंवा फक्त हालचाल झाल्यावर सुरू होणारं रेकॉर्डिंग, यापैकी काहीही कारण असू शकतं. हे नुकसान मात्र भरून निघत नाही.

उपाय काय?

सर्वांत आधी, कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये क्लिप लावून पाहा. कंपनीच्या खास फॉरमॅटमधली वेळेची नोंद त्याला वाचता येते.

तातडीने पाहायचं असेल, तर व्हीएलसीमध्ये प्लेबॅकचा वेग कमी करा. वरच्या उदाहरणात १५ ला २५ ने भागलं की ०.६ येतात. वेग ०.६ पट केला की दृश्य खऱ्या गतीने दिसतं.

कच्ची फाइल कायमची नीट करायची असेल, तर एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. त्यात खरा फ्रेम रेट सांगून व्हिडिओ नव्या एमपी४ फाइलमध्ये भरता येतो. त्यासाठी चित्र पुन्हा एन्कोड करावं लागत नाही, त्यामुळे दर्जाही घसरत नाही. पण हे सगळं क्लिपच्या प्रतीवरच करा.

मूळ फाइलला हात का लावायचा नाही?

उद्या हेच फुटेज पुरावा ठरू शकतं. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर दाखल झाल्याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर येऊन ठेपला होता. त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. हा फाइलच्या बोटांचा ठसाच म्हणा. फाइल दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केली की तो ठसा बदलतो.

म्हणून रेकॉर्डरमधून काढलेली फाइल आधी जशीच्या तशी जपून ठेवा. रेकॉर्डिंग लवकर काढा, कारण डिस्क भरली की रेकॉर्डर सहसा जुन्या फुटेजवरच नवं लिहू लागतो. आणि रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर आहे ना, हे आजच पाहा. क्लिपचा वेग नंतरही दुरुस्त करता येतो. पण चुकलेल्या घड्याळाने चित्रावर उमटवलेली वेळ तशीच राहते.