काट्याची भाषा : यूएसबी-सिरियल अडॅप्टर आणि संदेशाचा साचा

वसई–दिवा रेल्वेमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड या स्थानकांच्या मध्ये आपले खारबाव वसले आहे. एके काळी भिवंडी म्हटले की यंत्रमाग डोळ्यांसमोर येत. आता यंत्रमागांच्या जोडीला गोदामे आली आहेत. आपल्या वस्त्यांमधील अनेक तरुण-तरुणी या गोदामांत माल चढवणे, उतरवणे, पॅकिंग व मोजदाद करणे अशा कामांवर जातात. तेथे मालाचे वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते आणि तो आकडा तारेतून संगणकात जातो. हा आकडा कसा जातो, वाटेत कसा बिघडतो आणि तो आपल्याला कसा वाचता येईल, हे समजून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जेथे मजुरी वजनावर ठरते, तेथे या आकड्याशी कामगाराच्या पोटाचा थेट संबंध आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

जुनी तार, नवा संगणक

काटा, बारकोड वाचक, वीजमीटर, जुनी छपाई यंत्रे यांच्या पाठीमागे बहुधा नऊ टाचण्यांचे एक तोंड असते. त्याला सिरियल पोर्ट म्हणतात. त्याचा आर एस २३२ हा ठराव अमेरिकेत १९६० साली झाला. यूएसबी १९९६ साली आली आणि पुढे संगणक बनवणाऱ्यांनी हे जुने तोंड हळूहळू काढून टाकले. काटे मात्र पंधरा-वीस वर्षे टिकतात. म्हणून जुना काटा व नवा संगणक यांच्यामध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो. तो दुभाष्या म्हणजे यूएसबी-सिरियल अडॅप्टर.

सिरियल तारेत अक्षरे एकामागून एक जातात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. आकडा ० चा क्रमांक ४८, १ चा ४९, असे करीत ९ चा ५७. दशांश चिन्हाचा क्रमांक ४६. म्हणजे काट्यावर २५.५ वजन दिसत असेल, तर तारेतून ५०, ५३, ४६, ५३ हे चार क्रमांक जातात. प्रत्येक क्रमांक शून्य आणि एक यांच्या आठ खुणांत, म्हणजे आठ बिटांत बसवलेला असतो. त्याच्या आधी ‘सुरुवात’ सांगणारा एक बिट आणि नंतर ‘शेवट’ सांगणारा एक बिट, असे एकूण दहा बिट होतात. वेग सेकंदाला ९६०० बिट असेल, तर एका सेकंदात ९६० अक्षरे जातात.

अडॅप्टरला द्यायचा हुकूम

संगणकाला अडॅप्टरशी दोन प्रकारचे बोलणे करावे लागते. एक, काट्याकडून आलेली अक्षरे घेणे. दुसरे, तारेचा वेग व पद्धत कोणती हे अडॅप्टरला सांगणे. दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याला ठरलेला साचा असतो. यूएसबीच्या सर्वमान्य नियमांप्रमाणे चालणाऱ्या अडॅप्टरला संगणक आधी आठ बाइटांचे एक ‘पाकीट’ पाठवतो. त्यात हुकूम कोणाला, हुकूम कोणता, आणि पुढे किती बाइट येणार हे असते. पद्धत ठरवण्याच्या हुकमाचा क्रमांक ३२ आहे. पाकिटामागून सात बाइट येतात :

पहिले चार बाइट – वेग.
पाचवा – शेवटचे बिट किती (० म्हणजे एक, २ म्हणजे दोन).
सहावा – पॅरिटी (० नाही, १ विषम, २ सम).
सातवा – एका अक्षराचे बिट किती (बहुधा ७ किंवा ८).

वेग लिहिताना लहान भाग आधी येतो. ९६०० म्हणजे ३७ गुणिले २५६ अधिक १२८. म्हणून ९६०० वेग, पॅरिटी नाही, आठ बिट, एक शेवट असा हुकूम १२८, ३७, ०, ०, ०, ०, ८ असा लिहिला जातो. सात बिट व सम पॅरिटी हवी असेल, तर तो १२८, ३७, ०, ०, ०, २, ७ असा होतो. बाजारात काही कंपन्यांचे अडॅप्टर स्वतःचे वेगळे हुकूम वापरतात. त्यांच्यासाठी संगणकात वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. हे हुकूम आपण हाताने लिहीत नाही. प्रोग्रॅममध्ये वेग व पॅरिटी निवडली की संगणक ते आपोआप पाठवतो. पण आत काय चालते हे माहीत असले, तर दोष कोठे शोधायचा ते कळते.

आकडा अर्धा बरोबर, अर्धा चूक का ?

पॅरिटी म्हणजे चूक ओळखण्यासाठी जोडलेला एक बिट. सम पॅरिटीत, अक्षरातील ‘एक’ची संख्या सम होईल असा तो बिट ठेवतात. आता काटा सात बिट व सम पॅरिटीने बोलत असेल आणि संगणकावर मात्र आठ बिट व ‘पॅरिटी नाही’ असे लावले असेल, तर मोठी गंमत होते. ०, ३, ५, ६, ९ हे आकडे अगदी बरोबर दिसतात आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी विचित्र चिन्हे येतात. कारण या दुसऱ्या गटातील आकड्यांत ‘एक’ची संख्या विषम असते, त्यामुळे पॅरिटीचा बिट ‘एक’ होतो आणि संगणक त्याला अक्षराचाच भाग समजून क्रमांकात १२८ मिळवतो. असे दिसले तर काटा बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावण्याची गरज नाही. पॅरिटी बदलली की काम होते. सगळीच अक्षरे कचऱ्यासारखी दिसत असतील, तर बहुधा वेग चुकला आहे. आणि काहीच येत नसेल, तर तार तपासावी.

तार तपासण्याची सोपी युक्ती अशी. अडॅप्टरच्या नऊ टाचण्यांपैकी क्रमांक २ ही ऐकण्याची, ३ ही बोलण्याची आणि ५ ही समाईक. काट्यापासून अडॅप्टर सोडवून २ व ३ एका छोट्या तारेने जोडाव्यात. संगणकावर टाइप केलेले अक्षर जसेच्या तसे परत दिसले, तर अडॅप्टर व ड्रायव्हर ठीक आहेत. मग दोष काट्यात किंवा त्याच्या तारेत आहे. बिनकवचाच्या छोट्या सर्किटला मात्र आर एस २३२ ची तार थेट जोडू नये. त्या तारेत उणे व अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि सर्किट जळते.

संदेश कोठे सुरू, कोठे संपतो

आता लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अडॅप्टरला फक्त अक्षरे कळतात, वजन कळत नाही. तो येतील ती अक्षरे गोळा करून गठ्ठ्यांनी संगणकाला देतो. एका गठ्ठ्यात वजनाचा पहिला अर्धा भाग आणि दुसऱ्या गठ्ठ्यात उरलेला, असे सहज होते. १२५.५ मधील ‘१’ आधीच्या गठ्ठ्यात गेला आणि प्रोग्रॅमने पुढचा गठ्ठा म्हणजेच पूर्ण वजन असे मानले, तर नोंद २५.५ ची होते. शंभर किलो माल कागदावरून नाहीसा !

म्हणून प्रत्येक काट्याचा संदेश एका साच्यात असतो. अनेक काट्यांत सुरुवातीला क्रमांक २ ची अदृश्य खूण, मग अधिक-उणे चिन्ह, मग आकडे, मग किलोचे चिन्ह आणि शेवटी क्रमांक १३ व १० या ओळ संपल्याच्या खुणा असतात. काही काट्यांत वजन स्थिर झाले की हलते आहे हे सांगणारी दोन अक्षरेही असतात. चांगला प्रोग्रॅम शेवटची खूण येईपर्यंत थांबतो, सुरुवातीची खूण आहे का पाहतो, अक्षरांची संख्या मोजतो आणि ‘स्थिर’ अशी खूण असल्याशिवाय वजन लिहीत नाही. हलत्या काट्याचे वजन नोंदवणे ही चूक कोणाच्या ना कोणाच्या नुकसानीची असते.

ताळा

काही साचे शेवटी ताळाही पाठवतात. सर्वांत साधा ताळा म्हणजे क्रमांकांची बेरीज. २५.५ ची बेरीज ५० + ५३ + ४६ + ५३ = २०२. एखादा आकडा बदलला, तर बेरीज जुळत नाही. पण ५२.५ ची बेरीजसुद्धा २०२ च होते ! आकड्यांची अदलाबदल बेरजेला कळत नाही. पॅरिटीचेही तसेच : २ चा १ झाला तर दोन बिट बदलतात आणि पॅरिटीला पत्ता लागत नाही. म्हणून कारखान्यांत १९७९ पासून चालत आलेल्या मॉडबस या साच्यात, क्रमही लक्षात घेणारा सोळा बिटांचा ताळा वापरतात. ‘पहिल्या यंत्रा, तुझे पहिले दहा आकडे वाचून सांग’ हे मॉडबसमध्ये १, ३, ०, ०, ०, १०, १९७, २०५ असे लिहितात. पहिला बाइट यंत्राचा पत्ता, दुसरा काम, मग कोठून व किती, आणि शेवटचे दोन ताळ्याचे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. तथागतांची वचने भिक्खुसंघाने काही शतके मुखोद्गत ठेवली. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ती लिहिली गेली. पाली ग्रंथांत अनेक वग्गांच्या शेवटी ‘उद्दान’ येते. त्यात त्या वग्गातील सुत्तांची नावे क्रमाने गुंफलेली असतात. एखादे सुत्त गळले किंवा जागा बदलली, तर उद्दानाशी ताडून ते कळावे. संदेश दुसऱ्यापर्यंत निर्दोष पोहोचवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

आपण काय करावे

येथे एक सावधगिरी सांगणे कर्तव्य आहे. व्यापारातील काट्यावर वैध मापन खात्याची मोहोर असते. काटा उघडणे किंवा त्याचे मोजमाप बदलणे हा गुन्हा आहे. पण काट्याच्या पडद्यावरील वजन आणि संगणकातील नोंद जुळते का, हे पाहण्यासाठी काटा उघडावा लागत नाही. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. कायद्याने हक्क दिला, तरी आकडा चुकला आहे हे दाखवून देणारा कामगारांमधूनच उभा राहावा लागतो. ‘संगणकात असेच आहे’ या उत्तरापुढे गप्प बसायचे नसेल, तर संगणकात ते कसे आले हे समजले पाहिजे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत होते. त्या खात्याकडे वीज आणि पाटबंधारे हे विषयही होते. कामगार आणि यंत्र हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच टेबलावर हाताळले, यातला धडा आपल्या तरुणांनी घ्यावा. ओझे उचलणारा हात आणि काट्याची भाषा वाचणारा हात वेगवेगळ्या माणसांचे असण्याचे कारण नाही. एक अडॅप्टर, एक जुना संगणक आणि टाचण्या जोडायला वीतभर तार एवढ्या सामानावर विहारात रविवारच्या वंदनेनंतर तासभराचा वर्ग चालू शकतो. दहावी झालेल्या मुला-मुलींना पाच-सहा रविवारांत एवढे निश्चित जमेल. त्यातून एखाद्याला देखभालीचे काम मिळेल, एखादी पुढे अभियंता होईल, आणि बाकीच्यांना निदान आपल्या घामाचे वजन बरोबर लिहिले गेले की नाही हे तपासता येईल.

जयभीम !