अँटॉप हिलहून व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला: बेत कसा आखावा

हिमालयातली सहल ठरवताना आपण आधी मुलांच्या सुट्ट्या बघतो, मग रजा, मग तिकिटं. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्ससाठी हा क्रम उलटा करावा लागतो. तिथली फुलं ऐन पावसाळ्यात येतात, मुक्काम तीन हजार मीटरवर असतो आणि तिथवरचा रस्ता दरडींचा आहे. म्हणून आधी बहर बघायचा, मग उंची, मग राखीव दिवस. रजेचा अर्ज सगळ्यात शेवटी.

केव्हा जावं

हे राष्ट्रीय उद्यान चमोली जिल्ह्यात, पुष्पावती नदीच्या खोऱ्यात आहे. क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर. १९३१ साली कामेट शिखर सर करून उतरताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथीदार इथे पोहोचले, आणि स्माइथ यांच्या १९३८च्या पुस्तकामुळे हे खोरं जगाला माहीत झालं. १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००५मध्ये जागतिक वारसा यादीत आलं.

उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी इथे उपयोगाची नाही. जूनमध्ये वाटेवर बर्फ असू शकतो. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. सप्टेंबरमध्ये आकाश मोकळं होतं, पण फुलं ओसरू लागतात. शाळा चार-आठ दिवस बुडणार, हे घरात आधीच मान्य करून घ्यावं.

बारा दिवसांचा आराखडा

पहिला-दुसरा दिवस: कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वार, एक रात्र गाडीत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ही गाडी रोज नसते, त्यामुळे तारखा तिच्या वारांवर बेताव्यात किंवा दिल्लीमार्गे जावं.

तिसरा: हृषीकेशवरून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत जोशीमठ. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण पूर्ण दिवस जातो. पहाटे निघावं.

चौथा: गोविंदघाट, तिथून जीपने पुलना आणि पुढे नऊ-दहा किलोमीटर चालत घांघरिया.

पाचवा: व्हॅली. सहावा: हेमकुंड साहिब, हे शिखांचं तीर्थस्थान. सातवा: राखीव. आठवा: उतरून जोशीमठ. नववा: हरिद्वार. दहावा: पुन्हा राखीव. अकरावा-बारावा: परतीची गाडी.

निघण्यापूर्वी उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर यात्रेची नोंदणी करावी. हेमकुंडासाठी ती लागते. रोकड जोशीमठलाच काढून ठेवावी.

उंचीचा हिशेब

आपण समुद्रसपाटीवरची माणसं. कळसूबाई १,६४६ मीटर; घांघरिया साधारण ३,०५० मीटर, म्हणजे जवळपास दुप्पट. तिथे हवेचा दाब मुंबईच्या सुमारे ७० टक्के, तर ४,३०० मीटरवरच्या हेमकुंडाला ६० टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. म्हणूनच आधी व्हॅली आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड. मधल्या रात्रीत शरीर थोडं रुळतं. हेमकुंडाची चढण सहा किलोमीटरमध्ये बाराशे मीटरांहून अधिक आहे, आणि त्याच दिवशी खाली यायचं असतं, कारण वर मुक्कामाला परवानगी नाही.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं. ती वाढू लागली तर वर न जाता खाली उतरायचं. गटात एकाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर कोण उतरणार, हे मुंबईतच ठरवून ठेवावं. रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उंचीवरची गोळीही त्यांच्याच सल्ल्याने.

तयारी इथेच

दोन महिने आधी सुरुवात करावी. रोज इमारतीचे जिने, पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन. फाइव्ह गार्डन्सचे फेरे दमासाठी बरे, पण ते सपाटीवरचे; चढासाठी जवळच शीवचा किल्ला आहे. महिन्यातून एक-दोन रविवार राजमाची किंवा कळसूबाई, तेही भर पावसात. भिजलेल्या कपड्यांत सहा तास चालायची सवय तिथेच होते.

बूट नवेकोरे नेऊ नयेत. सह्याद्रीत दोन ट्रेक झालेले हवेत. उंचीच्या दर हजार मीटरमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे हेमकुंडाला मुंबईपेक्षा पंचवीस अंशांहून जास्त थंडी. लोकरी टोपी, हातमोजे, पाँचो, कोरड्या मोज्यांचे तीन जोड. कपडे आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये. सामान किंवा माणूस जड झाला तर पिट्टू (हमाल), कंडी (पाठीवर वाहायची टोपली) आणि खेचरं घांघरियापर्यंत मिळतात. व्हॅलीत खेचरांना बंदी आहे.

काय बघाल

गौरीच्या पूजेत आपण वाहतो त्या तेरड्याचा हिमालयी भाऊबंद इथे डोक्याएवढा वाढतो. खडकांच्या आडोशाला निळी पॉपी शोधावी: चार पातळ पाकळ्या आणि देठावर काटेरी लव.

हेमकुंडाच्या वाटेवर ऑगस्टपासून ब्रह्मकमळ दिसतं. मुंबईत रात्र जागून ज्याचे फोटो काढतात, ते गॅलरीतलं फूल मूळचं मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. फिकट हिरवट-पिवळी, कागदासारखी पानं द्रोण करून उभी असतात आणि आत जांभळ्या फुलांचा गुच्छ दडलेला असतो. थंडी-पावसापासून त्याचं रक्षण ती पानं करतात. ते तोडू नये.

कुठे कुठे अमेला नावाचं उंच झुडूप बाकीच्या फुलांना झाकून टाकताना दिसेल. उद्यान झाल्यावर मेंढ्यांची चराई थांबली आणि ते फोफावलं, असं काही अभ्यासक मानतात. वनखातं ते उपटत असतं. व्हॅलीत मुक्काम करता येत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परतायचं. दुकान नाही, म्हणून डबा बरोबर आणि रिकामं वेष्टन परत खाली.

एलटीसी घेणार असाल तर

अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कुठेही जाण्याची ही प्रवास सवलत असते. ठिकाण आधी कळवावं लागतं. मिळतं ते फक्त प्रवासभाडं, राहणं-जेवण आपलं. भाड्याच्या खासगी गाडीचा खर्च सहसा मंजूर होत नाही, तेव्हा सरकारी बसची तिकिटं जपून ठेवावीत.

राखीव दिवस वाचले तर

दरड पडली की रस्ता काही तासांत मोकळा होईल किंवा दीड दिवस जाईल. परतीचं तिकीट हातात असलं की माणसं रात्री घाटातून गाडी हाकायला लावतात, आणि सगळ्यात मोठा धोका तोच. दोन राखीव दिवस त्यासाठी आहेत. रस्त्याने साथ दिली तर गोविंदघाटावरून बद्रीनाथ अवघं पंचवीस किलोमीटर आणि पुढे तीनवर माणा गाव. हा दिवस मात्र आधी कुणाला कबूल करू नये, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांना. नाहीतर तो राखीव राहत नाही.